आम्ही आणखी किती पिढ्या ‘नव’बौद्ध?

मा. मंत्री महोदय,
सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग, महाराष्ट्र शासन

सप्रेम जयभीम.

आपल्या विभागाची कोणतीही जाहिरात उघडली की ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ हे शब्द जोडीने येतात. रमाई आवास ही घरकुल योजना असो, विद्यार्थ्यांच्या मदतीची स्वाधार योजना असो की निवासी शाळांचे प्रवेश. त्यातल्या ‘नव’बद्दल हे पत्र आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांसोबत ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांची आता पतवंडे शाळेत जातात. या मुलांनी धर्म बदललेला नाही. ती बौद्ध घरात जन्मली, त्रिसरण-पंचशील ऐकत वाढली. जनगणनेत त्यांचा धर्म ‘बौद्ध’ एवढाच नोंदवला जातो आणि २०११च्या गणनेत राज्यात असे सुमारे ६५ लाख लोक होते. मग योजनेच्या अर्जावर तीच मुले ‘नव’ कशी होतात?

या शब्दामागे एक कारण होते, हे मान्य. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार, पंजाबकडील काही शीख जातींचा अपवाद सोडता, अनुसूचित जातीत फक्त हिंदूंची गणना होई. १९५६ साली त्यात अनुसूचित जातींतले सगळेच शीख आले, बौद्ध मात्र बाहेरच राहिले. दीक्षा घेतली म्हणून केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्राने १९६० पासून आपल्या अखत्यारीतल्या सवलती या समाजाला दिल्या आणि त्यासाठी वेगळा उल्लेख लागला. त्या निर्णयाने कितीतरी घरांतली पहिली मुले कॉलेजात गेली, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण १९९० साली कायदा बदलला आणि अनुसूचित जातींतील बौद्धांना केंद्रानेही मान्यता दिली. शीख त्याच आदेशात आहेत. त्यांना कुणी ‘नवशीख’ म्हणत नाही.

‘नव’ लावला की माणूस अजून उंबऱ्यावरच उभा असल्यासारखा वाटतो. त्याचा धर्म कालपरवाचा, आणि खरी ओळख मागे सोडलेली जातच, असे ऐकणाऱ्याच्या मनात ठसते. दीक्षा घेणाऱ्यांनी तर ‘आज माझा नवा जन्म होत आहे’ अशी प्रतिज्ञा केली होती. ज्या जातीतून ते बाहेर पडले, तिच्याकडे हा शब्द त्यांना रोज परत वळवतो.

म्हणून विनंती आहे की यापुढच्या शासन निर्णयांत, अर्जांत आणि जाहिरातींत ‘अनुसूचित जाती (बौद्धांसह)’ असे लिहावे. मात्र जुन्या दाखल्यांवर ‘नवबौद्ध’ लिहिले आहे म्हणून एकाही विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती अडता कामा नये. ते दाखले तसेच ग्राह्य राहतील, हे त्याच आदेशात स्पष्ट नमूद करावे.

आपला,
एक बौद्ध नागरिक