हंसराज दरडीवरच राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला पावसाळी बागेवरचा लेख आवडीने वाचला. हंसराज या नेच्याबद्दलच्या, म्हणजे फर्नबद्दलच्या, एका वाक्याशी मात्र अडले. ‘घाटात सहलीला गेलात की दरडीवरचा हंसराज मुळासकट काढून आणा, कुंडीत छान वाढतो,’ असं त्यात म्हटलं आहे. आमच्या आंबा घाटात पावसाळ्यात गाडी बाजूला लावून हे करणारी मंडळी आधीच कमी नाहीत. त्यांना आता छापील आधार मिळाला.

आणलेला हंसराज बहुतेकांकडे जगत नाही, हेही त्या लेखात यायला हवं होतं. जांभ्याच्या भेगेत रुतलेला गड्डा ओढताना बारीक मुळं तिथेच तुटून राहतात. घरी पोचेपर्यंत पानं मिटलेली. त्यातूनही जगलाच, तर दिवाळीनंतर पानं तांबूस होऊन झडायला लागतात. मग ‘मेलं वाटतं’ म्हणून लोक कुंडी उलथून टाकतात. खरं तर आपल्याकडचा हा हंसराज (अडिअँटम फिलिपेन्स, जुन्या पुस्तकांत अडिअँटम ल्युन्युलॅटम) उन्हाळाभर जमिनीखाली झोपतो आणि जूनच्या पहिल्या सरींना पुन्हा फुटतो. झोपेच्या त्या दिवसांत माती अगदी कोरडी पडू द्यायची नाही, पण रोज पाणीही घालायचं नाही. रोजच्या पाण्याने गड्डा कुजतो.

लावायचाच असेल तर झाड उपटावं लागतच नाही. याच्या पानाचा काळा, चकचकीत, केसासारखा बारीक दांडा टोकाकडे लांबतो, वाकतो आणि जमिनीला टेकला की तिथे मूळ धरतो. कोणाच्या आगरात, विहिरीच्या काठावर हंसराज असेल तर असं एक रुजलेलं टोक मागून घ्या. नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. कुजलेला पाला, जांभ्याचे किंवा विटेचे तुकडे, थोडा कोळसा आणि मूठभर माती एवढं मिश्रण पुरतं. कुंडीच्या भोकावर खापरी ठेवायला विसरू नका, पाणी तुंबलेलं त्याला खपत नाही. उत्तरेच्या वळचणीला, उजेड येईल पण ऊन लागणार नाही अशी जागा द्या. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात ठेवलात तर पानांच्या कडा आठवड्यात करपतील, ते माझ्यावर घालू नका.

धीर असेल त्यांनी बीजाणूंपासून करून बघावं. पानाची कड मागे दुमडलेली दिसते, त्या दुमडीखाली तपकिरी पूड, म्हणजेच बीजाणू, धरते. पावसाळ्याच्या शेवटाला असं पिकलेलं पान कागदात गुंडाळून ठेवलं की पूड आपोआप गळते. विटेच्या तुकड्यावर उकळतं पाणी ओता, म्हणजे शेवाळ-बुरशीचा उपद्रव कमी होतो. वीट निवाली की थाळीत पाणी घालून त्यात ठेवा, वर पूड भुरभुरा आणि काचेच्या बरणीने झाका. काही आठवड्यांनी विटेवर हिरवट थर दिसतो आणि त्यातून हृदयाच्या आकाराच्या इवल्या चकत्या होतात. झाड अजून नाहीच ते. याच चकत्यांवर नर-मादी पेशी तयार होतात आणि नर पेशींना पोहत जायला पाण्याचा पातळ थर लागतो. म्हणून उकळून गार केलेलं पाणी अधूनमधून फवारायचं. पहिली खरी पानं दिसायला महिने लागतात. इन्स्टंटवाल्यांनी टोक लावावं हे उत्तम.

आता औषधाचं. लेखात ‘खोकल्यावर रामबाण’ असं एका ओळीत उरकलं आहे. चरकसंहितेत गळ्याला हितकर अशा दहा द्रव्यांच्या गणात, म्हणजे कंठ्य गणात, हंसपादी आहे; ती म्हणजे हंसराजच समजतात. ज्येष्ठमध, पिंपळी, मनुका, रिंगणी त्याच पंगतीत बसतात. युनानीत याचा भाऊबंद परसियावशान (अडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस) सर्दी-खोकल्याच्या जोशांद्यात, म्हणजे काढ्यात, पडतो. आमच्या घरी आजी पोरांच्या बारीक तापात पानं पाण्यात उगाळून खडीसाखरेबरोबर चाटवायची आणि धावऱ्यावर (कातडी लाल होऊन सुजते त्या आजारावर) गेरूत वाटून लेप द्यायची. पण पोटुशी बाईला तिने कधी दिला नाही. युनानी वैद्यकातही तो पाळी आणणारा म्हणूनच ओळखला जातो. पुरवणी घरातल्या लेकी-सुनाच जास्त वाचतात, त्यामुळे एवढं तरी छापायला हवं होतं. आजी म्हणायची म्हणून गुण येतो असं मी म्हणणार नाही. धावऱ्याला आज डॉक्टरच गाठावा, आणि खोकला लांबला तरी तेच.

शिवाय काष्ठौषधींच्या दुकानात हंसराज म्हणून जी वाळकी जुडी मिळते ती कशाची, हा प्रश्नच असतो. उत्तरेतून येणारा माल बहुधा हिमालयातल्या अडिअँटम व्हेनस्टमचा, कधी मयूरशिखा हा दुसराच नेचा त्या नावाने खपतो. मयूरशिखेचं ताजं पान छोट्या ताडाच्या पंख्यासारखं, हंसराजाची पानोळी अर्ध्या चंद्रासारखी. पण वाळून चुरा झाला की जाणकारही चाचपडतो. आणि नेचा म्हटला की निरुपद्रवी, असंही नाही. जगभरच्या डोंगराळ भागांत माजणारा ब्रॅकन नावाचा नेचा खाऊन गुरं आजारी पडतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्यांच्या यादीत घातलं आहे.

तेव्हा विनंती इतकीच, की त्या वाक्याची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी. जमलं तर हंसराज आणि मयूरशिखा यांच्या ताज्या पानांचे फोटो शेजारी शेजारी, पानाच्या मागच्या बाजूसकट, द्यावेत. लेखाबरोबर दिलेला फोटो दोहोंपैकी कशाचाच नव्हता.

आपली,
एक वाचक, देवरूख