शिक्षणमंत्री साहेब, फी माफ झाली, पण पोरगी राहणार कुठं?

मा. शिक्षणमंत्री साहेब, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातून लिहितेय. आमच्याकडं दिवाळी झाली की गावं ओस पडतात. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेऊन खर्च झालेली असते, मग ट्रॅक्टर आला की भांडीकुंडी, शेळी, लेकरं सगळं भरून माणसं ऊसतोडीला सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत जातात ते मार्च-एप्रिललाच माघारी येतात.

मुलींच्या मोफत शिक्षणाच्या योजना चांगल्या आहेत, त्याबद्दल वाद नाही. 2009 चा शिक्षण हक्काचा (आरटीई) कायदा आहे, 6 ते 14 वयाच्या लेकरांना शाळा मोफत. आपल्या राज्यात मुलींना बारावीपर्यंत फी नाही, अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट, आणि 2024 पासून घरचं उत्पन्न 8 लाखाच्या आत असेल तर इंजिनिअरिंग, मेडिकलची पण फी माफ. पण साहेब, तिथं पोचायला पोरगी आधी दहावी तर व्हायला पाहिजे ना.

आमच्या गल्लीतली एक पोरगी आठवी पास झाली. गावातली शाळा तिथंच संपते, पुढं हायस्कूल दुसऱ्या गावाला. आईबाप तोडीला निघाले, घरी आजी, तिला धड दिसत नाही. आई मला म्हणली, "तरण्या पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवू ताई?" काय सांगणार तिला? गेली पोरगी सोबत. आता पहाटे उठून भाकरी थापायच्या, आई उसाच्या फडात गेली की कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळायचं, दुपारी वाढं (उसाचे हिरवे शेंडे) बांधायला जायचं. हंगाम संपून परत येईपर्यंत परीक्षा तोंडावर, मग शाळा कायमचीच सुटते आणि लगेच स्थळं बघायला लागतात, कारण लग्न झालं की नवरा-बायकोचा एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी, तयार. 18 वर्षांचा कायदा सगळ्यांना माहितीये हो, पण पोरीला सुरक्षित कुठं ठेवायचं ते कुणीच सांगत नाही.

ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी 2021 ला संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली, 41 तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक असं मंजूर झालं, प्रत्येकी 100 जागा. आमच्या एकेका तालुक्यातून किती कोयते जातात ते तुमच्या अधिकाऱ्यांना विचारा म्हणजे 100 जागा कुठं पुरणार ते कळेल. ही वसतिगृहं सामाजिक न्याय विभागाची आहेत हे मला माहितीये, पण शाळा तुमच्या आहेत आणि गळणारी पोरगी तुमच्याच हजेरीपटावरची आहे, म्हणून दोन्ही खात्यांनी एकत्र बसा.

नववी ते बारावीच्या मुलींच्या जागा वाढवा, वॉर्डन बाईच पाहिजे आणि ती रात्री तिथंच राहणारी पाहिजे. प्रवेश दसऱ्याच्या आत पूर्ण करा, ट्रॅक्टर निघून गेल्यावर यादी काढून काही उपयोग नाही. कोणाच्या घरची माणसं जाणार आहेत हे गावातल्या गुरुजींना ऑगस्टमध्येच माहिती असतं, त्यांच्याकडून नावं मागवा. यंदाच करा साहेब.

आपली,
धारूर तालुक्यातली एक ताई