आधी केर-सांगरी माग

जोधपूर,
विजयादशमी, १२ ऑक्टोबर २०२४

प्रिय श्रीपाद,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र चौथ्या माळेला मिळाले. डिसेंबरात काकूंना घेऊन उदयपूर, जोधपूर, बिकानेर आणि जयपूर असा दौरा करायचे तू ठरवले आहेस, हे वाचून फार आनंद झाला. मात्र पत्रातले एक वाक्य मनाला लागून राहिले. तुझा मावसभाऊ गेल्या वर्षी इकडे येऊन गेला आणि "तिकडे भाजी म्हणून काही मिळतच नाही, जिथे जावे तिथे पनीर" असे सांगत परतला, त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्या काकूंचे दहा दिवस कसे निघतील, ही चिंता तुला पडली आहे. बदलीच्या निमित्ताने मी इथे तीन वर्षे आहे आणि त्यातली बहुतेक जेवणे मी बाहेरच केली आहेत, म्हणून यावर सविस्तर लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे असे समजून वाच.

मावसभावाचा अनुभव खोटा नाही. पहिल्याच महिन्यात मीही हमरस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात गेलो होतो. बाहेर कठपुतळ्या, दारात फेटे बांधलेले दरवान, आणि ताटात तेलात तळून काढलेली, आतून कच्ची राहिलेली बाटी. केर-सांगरी ही इथली खास भाजी मागितली तर ती संपली असे सांगून पनीरची लाल भाजी पुढे ठेवली गेली. प्रवासी पनीर मागतो म्हणून हॉटेलवाला पनीर करतो, आणि तेच समोर येते म्हणून प्रवाशाला वाटते की इथे दुसरे काही पिकतच नाही. म्हणून तुला माझे पहिले सांगणे हेच की कुठेही बसलास तरी आधी केर-सांगरी आहे का ते विचार. ती नीट करणारा माणूस बाकीचे पदार्थही मनापासून करतो, असा माझा तीन वर्षांचा अनुभव आहे.

ही भाजी मी पहिल्यांदा मन लावून खाल्ली ती जालोरी गेटाच्या आतल्या एका गल्लीतील लहानशा भोजनालयात. सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाच्या शेंगा. वैशाखाच्या सुमारास त्या कोवळ्या असतानाच उतरवतात, उकडतात आणि कडक उन्हात वाळवून वर्षभर ठेवतात. केर म्हणजे बोराहून लहान असे हिरवे फळ. त्याचे बिनपानांचे काटेरी झुडूप आपल्याकडेही माळरानावर दिसते आणि आपण त्याला नेपती म्हणतो. ताजा केर इतका कडू असतो की काही दिवस मिठाच्या पाण्यात किंवा ताकात मुरवल्याशिवाय तो तोंडात धरवत नाही. या दोहोंत कुमट नावाच्या बाभळीच्या जातीतील झाडाच्या चपट्या बिया, वाळवलेले गुंदे आणि आमचूर किंवा सुकी लाल मिरची मिसळली की त्याला पंचकुटा म्हणतात. गुंदे म्हणजे काय, हे कळले तेव्हा मी चकितच झालो, कारण ती आपली भोकरे आहेत. काकू दर उन्हाळ्यात ज्यांचे लोणचे घालत असत तीच.

त्या दिवशी वाटीत आलेली भाजी काळपट हिरवी होती आणि तिच्या कडेने तेल सुटले होते. सांगरीच्या शेंगा घेवड्याच्या सुकलेल्या शिरांसारख्या दिसत होत्या, पण दाताखाली मऊ लागत होत्या आणि प्रत्येक घासात एखादा केर फुटून आंबट-कडवट रस जिभेवर पसरत होता. कांदा नाही, लसूण नाही, टोमॅटोही नाही. नुसते हिंग, धणे, मिरची आणि आमचूर. त्यात पाण्याचा अंश इतका थोडा असतो की भाजी दोन-चार दिवस सहज टिकते, आणि म्हणूनच होळीनंतरच्या शीतळा अष्टमीला, जेव्हा घरात चूल पेटवत नाहीत आणि आदल्या दिवशीचे थंड अन्नच खातात, तेव्हा मारवाडात पंचकुटा हवाच. बाजारात वाळलेली चांगली सांगरी आज काजूच्या भावात जाते. ज्या शेंगा एके काळी दुष्काळात आधार होत्या, त्या आता ताटातली सर्वांत महाग भाजी झाल्या आहेत.

आजच हे पत्र लिहायला बसलो, त्यालाही कारण आहे. सकाळी आमच्या वसाहतीतल्या खेजडीची पूजा झाली. ही खेजडी म्हणजेच आपली शमी. लहानपणी दसऱ्याला सीमोल्लंघन करून आपण जिची पूजा पाहायचो, तिच्या शेंगांची भाजी होते हे आपल्याला कधी कुणी सांगितले नव्हते. इथे या झाडाचा पाला गुरांना घालतात, पिकून गोड झालेली शेंग, जिला खोखा म्हणतात, ती मुले येता-जाता खातात, आणि संवत १९५६ च्या, म्हणजे १८९९-१९०० च्या छप्पनिया दुष्काळात माणसांनी तिची सालसुद्धा दळून खाल्ली. जोधपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर खेजडली गाव आहे. १७३० साली राजाच्या बांधकामासाठी चुना भाजायला लाकूड हवे म्हणून तिथल्या खेजड्या तोडायला माणसे आली, तेव्हा अमृता देवी या बिश्नोई बाईने झाडाला मिठी मारली, आणि तिच्यामागोमाग एकूण ३६३ जणांनी प्राण दिले. तुम्ही आलात की आधी तिथे जाऊ आणि मग जेवायला बसू, असे माझ्या मनात आहे.

पावसाचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला की इथले सगळे ताट उलगडते. जैसलमेरकडे वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. हिरवी भाजी रोजची नव्हतीच, पण गुरे होती, त्यामुळे दूध, ताक आणि तूप होते. मग पाण्याच्या जागी ताक आले. बेसनाच्या घट्ट वळकट्या उकडून, त्यांचे तुकडे करून दह्याच्या रश्श्यात सोडले की गट्ट्याची भाजी झाली. ताकात शिजवलेले पीठ वाळवून राबोडी झाली, मुगाच्या डाळीची मंगोडी झाली, आणि काहीच नसेल तेव्हा पापडाचीही भाजी झाली. त्यात इथल्या जैन घरांत अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य, त्यामुळे या वाळवणांच्या भाज्यांना पंगतीत मानाचे स्थान मिळाले. ही अडचणीतली सोय आहे असे कुणी म्हटले की मला राग येतो. पिढ्यान् पिढ्या बायकांनी उन्हाला कामाला लावून उभे केलेले हे शहाणपण आहे.

आता बाटीविषयी. आपण वरण-बट्टीवर वाढलेली माणसे, त्यामुळे आपल्याला बाटीत नवे काय, असे तुला वाटेल. आपण बट्टी आधी उकडतो आणि मग तळतो. इथे कणकेला थेट विस्तव दाखवतात. त्याच भोजनालयाच्या मागच्या अंगणात एका रविवारी महाराजांनी (इथे स्वयंपाक करणाऱ्याला महाराज म्हणतात) मला बाटी भाजताना बसून पाहू दिले. जाडसर दळलेले गव्हाचे पीठ, तुपाचे भरपूर मोहन, ओवा, मीठ आणि पाणी अगदी बेताचे. गोवऱ्यांचा जाळ बसून निखारे झाले की त्यावर गोळे फिरवत भाजायचे, त्यांना तांबूस डाग पडले की गरम राखेत पुरायचे, आणि वास सुटला की बाहेर काढून जाड फडक्यात घालून राख झटकायची. मग महाराज बाटी मुठीत धरून दाबत. तिला तीन-चार भेगा पडत, आतून वाफ येई, आणि ती तशीच तुपाच्या पातेल्यात बुडवली जाई. भेगा पडल्या नाहीत तर ती बाटी ते पुन्हा राखेत सारत. तळलेल्या बाटीला अशी भेग पडत नाही, तेव्हा ताटात बाटी आली की आधी अंगठ्याने दाबून पाहा.

सोबतची डाळ पाच डाळींची, म्हणून तिला पंचमेळ म्हणतात. आणि गंमत म्हणजे मारवाडीत ती 'दाळ'च असते, 'दाल' नव्हे, कारण आपला ळ या भाषेतही ठणठणीत आहे. वाढणारा "जीमो सा" म्हणतो तेव्हा आपले 'जेवणे' आणि त्यांचे 'जीमणे' या सख्ख्या बहिणी वाटतात. चूरमा मात्र शेवटी गोड म्हणून बाजूला ठेवू नकोस. मध्येच डाळ-बाटीचा तिखट घास आणि लगेच चूरम्याचा घास, असेच इथले लोक खातात.

आग्रहाला इथे मनवार म्हणतात. पर्यटकांच्या हॉटेलात त्याचा कधीकधी नुसता देखावा होतो, पण खरी मनवार कशी असते ते मी त्या गल्लीत पाहिले. माझ्या शेजारी रोज एक वृद्ध गृहस्थ जेवायला बसत. त्यांना तूप मना होते हे वाढप्याला ठाऊक होते. तुपाचे भांडे घेऊन तो सगळ्यांपुढे वाकत येई, त्यांच्यापाशी आला की काही न बोलता मागच्या मुलाकडून ताकाचा तांब्या घेई आणि तितक्याच अगत्याने वाकून म्हणे, "थोडी और, बाबोसा." त्यांना कधीही "नको" म्हणावे लागले नाही.

काकूंसाठी थोडे नेमके लिहितो. उदयपूरहून जोधपूरला येताना राणकपूरला थांबा आणि मंदिराच्या भोजनशाळेत जेवा. जैन पद्धतीचे साधे, स्वच्छ अन्न असते, फक्त संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकते हे लक्षात ठेव. जयपुरात जोहरी बाजारातले लक्ष्मी मिष्ठान्न भांडार कांदा-लसणाशिवाय स्वयंपाक करते. जोधपुरात घंटाघराच्या दाराशी मिश्रीलालची मखनिया लस्सी आहे, ती चमच्याने खावी लागते इतकी घट्ट असते. बिकानेरची भुजिया मोठाच्या पिठाची, आणि मोठ म्हणजे आपली मटकी. कचोऱ्या, मिर्चीबडे, घेवर यांविषयी लिहीत नाही, ते तुला दुकानेच सांगतील. डिसेंबरात बाजरीचा सोगरा आणि खीच, म्हणजे बाजरीची घट्ट खिचडी, मात्र चुकवू नका. आपल्या भाकरीपेक्षा सोगरा जाड असतो आणि तो तूप-गुळाबरोबर चुरून खातात.

आता एक काम. आपण बट्टी कशी करतो हे मी महाराजांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले की उकडून मग भाजलेल्या बाटीला माळव्यात बाफला म्हणतात, पण उकडून तळलेली त्यांनी कधी खाल्ली नाही. एकदा खायला घालाल का, असे त्यांनी फार मनापासून विचारले. म्हणून येताना तुमच्या गिरणीतून बट्टीचे जाडसर पीठ दोन किलो दळून आण, आणि काकूंना विचार, त्या भोजनालयाच्या चुलीपाशी तासभर बसतील का. भरताची वांगी इथे आपल्यासारखी मिळत नाहीत, तेवढी जळगावची टोपलीभर आणलीस तर फार बरे होईल. गोवऱ्या महाराजांकडे आहेत.

काकूंना साष्टांग नमस्कार. लहानग्यांना आशीर्वाद. गाडीची वेळ कळव, मी स्टेशनवर येतो.

तुझा,
माधव