गणेश पेठेतल्या कोळंबीवाल्या मावशींना

मावशी, नमस्कार.

हे पत्र तुमचा मुलगा तुम्हाला वाचून दाखवेल. त्या दिवशी गिऱ्हाइकांची गर्दी होती, मला धड बोलताही आलं नाही. तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळावं असंही वाटतं, म्हणून उघडच लिहितेय.

आमच्या बाबांची पंचाहत्तरी होती. बाबा जहाजावर इंजिनिअर होते. तरुणपणी फ्रान्समधल्या ले आव्र बंदरात त्यांनी बिस्क नावाचं सूप प्यायलं होतं, आणि त्याचं वर्णन ऐकतच आम्ही भावंडं मोठी झालो. आता त्यांना कवळी आहे. कोळंबीचं कालवण केलं की रस्सा-भात जेवतात आणि कोळंबी हळूच आईच्या ताटात सारतात. काही बोलत नाहीत, पण दिसतं. म्हणून या वाढदिवसाला बिस्कच करायचं, असं मी मनाशी घट्ट ठरवलं होतं.

या सुपात चावायचं काही नसतं. सगळी चव कोळंबीच्या डोक्यांतून आणि टरफलांतून काढायची असते. डोक्यातला तो पिवळट-लालसर गर हाच त्याचा जीव. टरफलं लोण्यात परतली की त्यांचा लाल रंग लोण्यात उतरतो, पाण्यात तसा उतरत नाही. मग थोडी ब्रँडी, टोमॅटो, कांदा, आणि शेवटी साय. थोडक्यात, लोक जे टाकून देतात तेच मला हवं होतं, आणि तेच पुण्यात कोणी द्यायला तयार नव्हतं.

मासळी घरपोच पाठवणाऱ्या एका अ‍ॅपवर ‘डोक्यासकट’ असं स्पष्ट लिहून मागवली, तर सोललेली, गोठवलेली पाकिटं आली. तक्रार केली तर कूपन पाठवलं. घराजवळच्या एका चकचकीत दुकानात आगाऊ सांगून ठेवलं होतं. त्यांनी ‘हो मॅडम, ठेवतो’ म्हणून सांगितलं आणि न्यायला गेले तेव्हा ‘टाकली की’ म्हणाले. आणखी एकानं तर सगळ्यांसमोर विचारलं, कुत्र्याला घालायचीत का? डोकी ठेवणं सोपं नाही, हे मलाही कळतं. कोळंबी आधी डोक्याकडून बिघडते, काळी पडायला लागते, म्हणून व्यापारी डोकं आधी काढतात. समुद्रापासून घाट चढून पुण्यात यायचं तर ते करावंच लागतं. नाही जमत, असं सरळ सांगितलं असतं तर मी एका शब्दानं काही म्हटलं नसतं. राग शब्द देऊन विसरण्याचा आहे, माणसाला उडवून लावण्याचा आहे.

आणि मग तुम्ही. मी घाबरतच विचारलं. तुम्ही एवढंच म्हणालात, “कशाला पायजेत गं?” मी सांगितलं, बाबांना सूप करायचंय, त्यांना दात नाहीत. त्यावर ना हसलात, ना किंमत सांगितलीत. त्या सकाळच्या ताज्या मालातली डोकी वेगळी काढलीत, मूठभर माझ्या नाकाशी धरून म्हणालात, “वास घे आधी.” समुद्राचा वास होता, दुसरा कसलाच नाही.

पण मावशी, माझ्या मनात राहिलंय ते त्याच्या पुढचं. पिशवी बांधता बांधता तुम्ही थांबलात. कात्री घेतलीत आणि एकेका डोक्याचा पुढचा करवतीसारखा काटा कापायला लागलात. मी म्हटलं, राहू दे, मी गाळूनच घेणार आहे. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “गाळणीतून एखादा सुटतो. म्हाताऱ्या माणसाच्या घशात गेला म्हंजे?” मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, एकजण तर कुरकुरत निघूनही गेला. तुमचा हात थांबला नाही. शेवटचा काटा कापून झाल्यावरच बर्फ घालून पिशवी बांधलीत. कोळंबीचे पैसे घेतलेत, डोक्यांचे घेतले नाहीत.

ज्या माणसाला तुम्ही कधी पाहिलं नाही, त्याच्या घशाची काळजी तुम्ही केलीत. हे मी घरी सांगितलं तेव्हा आई डोळे पुसत होती.

सूप कसं झालं ते सांगते. दाटपणासाठी फ्रान्समध्ये पूर्वी भात घालायचे, मी मावळातला इंद्रायणी घातला. छान चिकट, मऊ शिजतो, सुपात एकजीव झाला. रंग आला तो पिकलेल्या हापूससारखा. बाबांनी पहिला घोट घेतला, दुसरा घेतला, आणि मग कुठलं बंदर, कुठली थंडी, सोबत कोण होतं, हे सगळं आमच्या मुलांना सांगत बसले. दोन वाट्या प्यायले. त्यांच्या ताटातून कुणाकडे काही सरकलं नाही.

चांगुलपणा म्हटलं की आपल्याला मोठाली कामं आठवतात, देणग्या, सत्कार, पाट्या. मला आता कात्री आठवते. आपल्या कामात पुढच्या माणसाचा विचार करणारी माणसं या शहरात आहेत. पहाटे बर्फात हात घालून उभी आहेत, रिक्षात मागे राहिलेली पिशवी परत आणून देताहेत, दवाखान्यात रांगेतल्या आजीला आपली खुर्ची देताहेत. त्यांना आपण नीट थांबून आभार म्हणत नाही. घासाघीस करायला मात्र आपल्याकडे भरपूर वेळ असतो, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मावशी, मनापासून आभार. बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय आणि एक निरोपही दिलाय: जून-जुलैची मासेमारी बंदी लागायच्या आत एकदा चांगली शेवंड (लॉबस्टर) आली तर कळवा. तिच्या कवचाचं बिस्क आणखी चांगलं होतं म्हणतात. माझा नंबर तुमच्या मुलाकडे दिलाय. आणि रविवारी मी सुपाचा डबा घेऊन येतेय, तेव्हा सकाळी फार खाऊन बसू नका. डोक्यांचे पैसेही त्या दिवशी घ्यायचेत, नाही म्हणायचं नाही.

तुमची,
बाबांसाठी डोकी मागणारी मुलगी