सी ड्राइव्हवर घाईने झाडू फिरवू नका

महोदय,

कराडमध्ये माझे संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. विंडोज १० चा आधार (मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर अनेकांनी विंडोज ११ घेतले. नंतर सी ड्राइव्हची, म्हणजे विंडोज असते त्या भागाची, पट्टी जागा भरत आल्याने लाल झाली, की व्हॉट्सॲपवरचा मेसेज वाचून दिसेल तो अनोळखी फोल्डर उडवायचा, हा प्रकार फार वाढला आहे.

एप्रिल २०२५ च्या अपडेटनंतर पुष्कळ संगणकांत ‘इनेटपब’ नावाचा रिकामा फोल्डर आला. आत काही नाही म्हणून लोकांनी तो काढून टाकला. तो सुरक्षेच्या दुरुस्तीचाच भाग आहे, काढू नका, असे मायक्रोसॉफ्टला मग सांगावे लागले. २००२ मध्येही विंडोजच्याच एका फाइलला टेडी बेअरचे चित्र आहे एवढ्यावरून ‘हा व्हायरस आहे, ताबडतोब डिलीट करा’ असा ईमेल जगभर फिरला होता आणि कित्येकांनी तो खरा मानला.

आमच्याकडे सर्वांत वाईट अवस्था होते ती फॉन्टची. एका पतसंस्थेत जागा करण्यासाठी फॉन्ट्स फोल्डरमधल्या विचित्र नावांच्या फाइल काढल्या गेल्या. युनिकोड (प्रत्येक भाषेच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी आजची पद्धत) येण्याआधीचे मराठी फॉन्ट त्यातच होते. जुन्या सभांची इतिवृत्ते उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. मजकूर तसाच असतो, पण तो फॉन्ट परत मिळेपर्यंत कुणालाही वाचता येत नाही. आणि जागा किती वाचली? फॉन्टची फाइल मुळात एखाद्या फोटोपेक्षाही लहान असते!

जागा खरोखर हवी असेल, तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, स्टोरेज आणि मग ‘टेम्पररी फाइल्स’ उघडा. काय काढता येईल ते विंडोज स्वतःच दाखवते. फक्त त्या यादीतल्या ‘डाउनलोड्स’वर खूण करू नका. सातबारा, दाखले, बिले बहुतेकांची तिथेच पडलेली असतात आणि तिथून काढलेले रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. ‘विंडोज डॉट ओल्ड’ हा फोल्डर म्हणजे तुमची आधीची विंडोज. नवी नीट चालते याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावू नका, साधारण दहा दिवसांनी तो आपोआप जातो. ‘विंडोज’ फोल्डरच्या आतले हाताने काहीच काढू नये. स्वतःच्या कागदपत्रांत अनोळखी फाइल दिसली, तर तिची तारीख पाहा, त्या दिवशी काय इन्स्टॉल केले ते आठवा. तरी उलगडा झाला नाही, तर ती न उघडता पेनड्राइव्हवर हलवा आणि महिनाभर थांबा.

सफाईसाठी फुकटचे सॉफ्टवेअर घेतानाही जपावे. २०१७ मध्ये ‘सीक्लीनर’च्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता. सफाईची सोय विंडोजमध्येच असताना ही जोखीम घ्यायचीच कशाला?

आपल्या पुरवणीत संगणकाच्या टिप्स येतात आणि लोक त्या कापून जपून ठेवतात. एखादी फाइल काढा असे छापताना ती कशासाठी असते आणि चुकून गेली तर परत कशी आणायची, हेही सोबत द्यावे, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, कराड