नववी मात्रा

झुरिक,
१८ जानेवारी २०२६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आपण दर रविवारी फोनवर बोलतो, तरीही हे पत्र लिहायला बसले आहे, कारण मी विषयाला हात घातला की तू आईच्या गुडघ्यांकडे वळतोस आणि मीही सुटल्यासारखी तिच्या गोळ्यांची नावे विचारू लागते. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या वर्षश्राद्धाला, पंगती उठल्यावर, सगळ्या नातेवाइकांदेखत मी तुला म्हणाले होते की जबाबदारी म्हणजे काय हे तुला जन्मात कळले नाही. तू काही बोलला नाहीस, पत्रावळी गोळा करत राहिलास. ते वाक्य माझ्या तोंडून का आले याचा उलगडा आता कुठे होऊ लागला आहे, आणि तो तुला सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

मागच्या हिवाळ्यात मला काय होत होते हे मी तुम्हाला कळवले नव्हते, कारण कळवण्यासारखे दुखणे काही नव्हते. लेक शिकायला लोझानला गेली होती, घराचे हप्ते वेळेवर जात होते, नोकरीत बढती मिळाली होती, आणि तरी रविवारची दुपार कलली की छातीवर कोणी पाटा ठेवला आहे असे वाटायचे. माणसांच्या आयुर्मानाचे हिशेब मांडणे हे माझे विम्यातले काम. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला सरासरीने अजून किती वर्षे मिळतात हे मला तोंडपाठ आहे, पण त्या वर्षांचे करायचे काय, असा रकाना आमच्या कोष्टकात नसतो. डॉक्टरांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, पाळी जाण्याच्या वयातले चढउतार असे सगळे तपासले आणि शेवटी युंग या मानसोपचारतज्ज्ञाच्या पद्धतीने काम करणाऱ्या एका बाईंचा पत्ता दिला. त्यांची फी ऐकून पहिल्याच दिवशी माझी धडधड वाढली, हे वहिनींना सांग, त्या हसतील.

इथे कार्ल गुस्ताफ युंग म्हणजे गावचाच माणूस. तो १८७५ साली बोडेन सरोवराच्या काठावरच्या केसविल या खेड्यात एका पाद्र्याच्या घरी जन्मला, १९०० साली झुरिकच्या बुर्गहोल्ट्स्ली मनोरुग्णालयात नोकरीला लागला आणि १९६१ साली क्युस्नाख्तला, म्हणजे आमच्या स्टेशनापासून गाडीने दहा-बारा मिनिटांवर, वारला. त्याच्या दाराच्या चौकटीवर लॅटिन अक्षरे कोरली आहेत, त्यांचा अर्थ असा की बोलावले किंवा न बोलावले तरी देव येणारच. मी ती वाचायला मुद्दाम गेले होते.

मला त्याच्याकडे ओढले ते एका साध्या निरीक्षणाने. त्याने लिहून ठेवले आहे की त्याच्याकडे येणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांना नाव देता येईल असा मनोविकार नव्हताच, आयुष्याला अर्थ उरला नाही एवढीच त्यांची तक्रार होती. आणि एकूण रुग्णांपैकी दोनतृतीयांश लोक आयुष्याचा मध्य ओलांडलेले होते. त्याने वयाची तुलना सूर्याच्या प्रवासाशी केली आहे. सकाळभर सूर्य वर चढतो, म्हणजे माणूस शिकतो, कमावतो, घर आणि नाव उभे करतो. माध्यान्ह झाली की तोच सूर्य उतरू लागतो, आणि तेव्हा सकाळचेच वेळापत्रक पुढे रेटणारा माणूस फसतो, कारण सकाळी जे खरे होते ते संध्याकाळी खरे राहत नाही. तो हे पुस्तकी बोलत नव्हता. १९१३ साली, अडतिसाव्या वर्षी, मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्याशी त्याचे संबंध कायमचे तुटले आणि त्यानंतरची काही वर्षे तो स्वतःच्याच मनातल्या आकृत्यांशी झगडत होता. त्या झगड्याची सुलेखनात लिहिलेली आणि स्वतः रंगवलेली लाल कातडी बांधणीची वही घरच्यांनी कितीतरी वर्षे बाहेर येऊ दिली नाही, ती छापून आली थेट २००९ साली.

सूर्याची उपमा मला कळली, पण अंगाला लागली नाही. एके दिवशी स्वयंपाक करताना बोटे आपोआप ओट्यावर त्रिताल धरू लागली आणि नवव्या मात्रेवर हात उताणा झाला, तेव्हा मात्र लागली. सोळा मात्रांच्या बरोबर अर्ध्यावर 'खाली' येते, म्हणजे तिथे टाळी पडत नाही, डग्ग्याचा घुमारा बाजूला होतो, आणि ऐकणाऱ्याला क्षणभर वाटते की तालातले काही निसटले. पण वाजवणाऱ्याला ठाऊक असते की ही खाली नसती तर समेकडे, म्हणजे पहिल्या मात्रेकडे, परत यायचे कसे हे कळलेच नसते. हे तू तुझ्या वर्गातल्या मुलांना रोज शिकवतोस. मी मात्र वर्षभर त्या नवव्या मात्रेवर अडून, आपला ताल चुकला म्हणून रडत होते.

आता मूळ मुद्दा. युंग म्हणतो की लोकांत वावरण्यासाठी प्रत्येक जण एक मुखवटा घडवतो, त्याला तो पर्सोना म्हणतो. हा शब्द जुन्या नाटकातल्या नटांच्या मुखवट्यासाठी होता. मुखवटा वाईट नसतो, त्याशिवाय रेशनच्या रांगेत उभे राहणेही अवघड होईल. घोटाळा होतो तो मुखवटा हाच चेहरा आहे असे वाटू लागल्यावर. माझा मुखवटा तुला ठाऊकच आहे: हिशेबी, वक्तशीर, दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे पाठवणारी, कोणाचे काही देणे न लागणारी मुलगी. त्या मुखवट्यात जे बसत नाही ते नाहीसे होत नाही, ते नेणिवेत जाऊन साठते. त्याला तो छाया म्हणतो, आणि त्यात फक्त वाईटच असते असे नाही; जगायचे राहून गेलेले, चांगले असूनही घरात न चालणारे, तेही तिथेच पडलेले असते. ही छाया आपल्याला स्वतःत दिसत नाही, ती दुसऱ्याच्या अंगावर दिसते, आणि ज्याच्या अंगावर दिसते त्याचा आपल्याला अवाजवी राग येतो. यालाच प्रक्षेपण म्हणतात.

बाईंनी मला स्वप्ने लिहून ठेवायला सांगितली. स्वप्नात साप आला म्हणजे अमुक, असा कोश युंगकडे नाही. स्वप्न जागेपणीच्या एकांगी वृत्तीची भरपाई करते असे तो मानतो, म्हणून स्वप्नातल्या प्रत्येक वस्तूशी त्या माणसाचे नाते काय हे आधी विचारले जाते, आणि एका स्वप्नावर भिस्त न ठेवता ओळीने आलेली बरीच स्वप्ने शेजारी शेजारी ठेवून पाहिली जातात. माझ्या वहीत मार्चपासून जूनपर्यंत तीन वेळा रहाड आली आहे. बाईंना ती समजावून सांगताना माझी जर्मन भाषा अपुरी पडली: जुन्या नाशकात भर रस्त्याखाली पेशवाईपासूनचे चौकोनी हौद आहेत, वर्षभर त्यांच्यावर लाकडे आणि माती टाकलेली असते, वरून रिक्षा आणि स्कूटर जातात, आणि रंगपंचमीला पूजा करून ते उघडतात, रंगाचे पाणी भरतात आणि लोक त्यात धप्पा मारतात. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या की युंगला हे ठाऊक असते तर त्याचे लिहिण्याचे बरेच कष्ट वाचले असते. (हा त्यांचा विनोद होता असे मी धरून चालते.)

स्वप्नात तू रहाडीत छातीभर रंगात उभा असतोस आणि मी काठावर ऑफिसच्या कपड्यांत, हातात फाइल धरून. नंतर त्यांनी मला जागेपणी ते दृश्य डोळ्यांसमोर आणून आतल्या माणसाशी बोलायला आणि दोघांचे बोलणे लिहून काढायला लावले. युंगची ही पद्धत आहे, तिला तो सक्रिय कल्पना म्हणतो. मी विचारले, "तुला काय पाहिजे?" आतून उत्तर आले, "आधी चप्पल काढ." मी रडले, दादा, का ते मला त्या दिवशी सांगता आले नाही.

आता सांगते. गुरुजी तुला शिकवायला यायचे तेव्हा मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसायचे आणि तुझ्या आधी मला बोल पाठ व्हायचे. मी कधी मागितले नाही. मागितले असते तर बाबा नाही म्हणाले असते असेही मी आज खात्रीने म्हणू शकत नाही, आणि हेच जास्त बोचते. चौतिसाव्या वर्षी तू सातपूरची नोकरी सोडून तबल्याचे वर्ग सुरू केलेस तेव्हा घरात सर्वांत जास्त संताप मला आला, इथे हजारो मैल दूर, जिला त्याची झळ सर्वांत कमी लागणार होती तिला. तो संताप तुझ्या बेजबाबदारपणाचा आहे असे मी चौदा-पंधरा वर्षे समजत राहिले. प्रक्षेपण टांगायला समोरच्याकडे एखादी खुंटी लागते असे बाई म्हणतात, आणि तुझ्याकडे ती होती हे मी नाकारत नाही. विजेचे बिल थकवून तू तानपुरा दुरुस्त करून आणला होतास. पण त्या खुंटीवर मी जे गाठोडे अडकवले ते माझे होते.

या वाचनात मला आपल्या गावाची गोष्टही वेगळी दिसू लागली. पंचवटीत शूर्पणखेचे नाक कापले म्हणून नाशिक, असे आपण लहानपणापासून ऐकतो आणि पाहुण्यांना मोठ्या हौसेने सांगतो. कोणाची इच्छा नाकारणे हा रामाचा हक्कच होता. पण दोघा भावांनी तिला थट्टेने एकमेकांकडे धाडले, मग नाक-कान कापले, आणि ती गेली ती खर-दूषणाला घेऊन आली, तिथून लंकेला गेली. अपमान करून हाकललेले मोठे होऊन परत येते. मी हे रामायणावरचे भाष्य म्हणून लिहीत नाही, आईने वाचले तर तिला तसे सांग. मी माझ्याच सोळाव्या वर्षाकडे पाहत आहे.

युंगला मी गुरू केला आहे असे समजू नकोस. पत्नी एमा घरात असताना टोनी वोल्फ या सहकारी स्त्रीशी त्याने कित्येक वर्षे उघड संबंध ठेवले, आणि नाझी काळात ज्यू मानसशास्त्राबद्दल त्याने जे लिहिले त्याचे समर्थन मला करता येत नाही. त्याच्या पुष्कळ कल्पना प्रयोगाने सिद्ध करण्याजोग्या नाहीत, हे आकड्यांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला खटकते. १९२१ साली आलेल्या त्याच्या स्वभावप्रकारांवरच्या पुस्तकातून पुढे इतरांनी ती चार अक्षरांची चाचणी काढली, जी आमच्या ऑफिसात दर दोन वर्षांनी घेतात आणि तेवढ्यावर माणसाला डबीत बंद करतात. तो दोष मात्र त्याचा नाही.

एक गोष्ट मला त्याची फार आवडली. १९३७ च्या अखेरीस तो सायन्स काँग्रेसच्या निमित्ताने भारतात आला, सांचीचा स्तूप पाहून भारावला, आणि कलकत्त्यात आमांश होऊन इस्पितळात पडला. तिथून बाहेर आल्यावर त्याला स्वप्न पडले ते शंकराचे किंवा बुद्धाचे नव्हे, तर त्याच्या युरोपातल्या दंतकथेतल्या पवित्र प्याल्याचे, आणि तू आपल्या घरचे काम सोडून इथे काय शोधतो आहेस असा त्याचा अर्थ त्याने लावला. मला त्याच्याच सरोवराकाठी शनी चौकातली रहाड दिसते. म्हणूनच आपल्या वानप्रस्थाशी याची सांगड घालणाऱ्यांचे मला पुरते पटत नाही. मला वनात जायचे नाही, मला जुन्या नाशकात यायचे आहे.

रंगपंचमी ८ मार्चला आहे आणि मी १ तारखेचे तिकीट काढले आहे, पंधरा दिवसांची रजा मंजूर झाली आहे. सगळ्याच रहाडी दरवर्षी उघडत नाहीत, तेव्हा यंदा आपल्याकडची उघडणार का, आणि बायकांना उतरू देतात का, हे आत्ताच विचारून ठेव. वर्षश्राद्धाच्या दिवशी मी जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागेन; मावशी आणि काका त्या आठवड्यात नाशकात असतील असे बघ. तुझ्या संध्याकाळच्या वर्गात लहान मुलांच्या मागे मला बसायला जागा असेल तर कळव, फी जी असेल ती देईन आणि पहिले काही दिवस नुसती टाळी-खाली मोजेन.

आईचा तो जुना सुती पंजाबी ड्रेस वहिनींना टाकू देऊ नकोस. रंगात उतरायला तोच बरा.

आईला आणि वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
छोटी