मंडळाच्या हॉलमध्ये एक छोटा माग ठेवू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण एक लेख छापला होता, मोबाईल आल्यापासून बायकांच्या हातातलं विणकाम सुटलं अशा अर्थाचा. लेख कळकळीनं लिहिलेला होता हे मान्य, पण त्यातलं म्हणणं मला पटलं नाही, आणि इथे इंदूरमध्ये आम्ही ज्या बायका (दोन-तीन पुरुष पण आहेत) विणतो त्यांच्यापैकी कुणालाच पटलं नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण कृपया कापू नका.

झालंय ते बरोबर उलटं आहे. आमच्या आईच्या पिढीत नवीन वीण घरात यायची ती एखाद्या सुनेबरोबर नाहीतर बदली होऊन आलेल्या शेजारणीबरोबर, ती जेवढं दाखवेल तेवढंच यायचं आणि तिची परत बदली झाली की घोडं तिथेच अडायचं. पुढे बायका नोकरीला लागल्या, तयार स्वेटर स्वस्त झाले, हिवाळ्यात रस्त्यावर ढिगानं मिळायला लागले आणि सुया माळ्यावर गेल्या. हे सगळं मोबाईलच्या कितीतरी आधी झालं. मोबाईल आल्यावर त्या सुया खाली आल्या.

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, राजेंद्र नगर, सुदामा नगर, वैशाली नगर इकडच्या बायका जास्त, थोड्या विजय नगरच्या नोकरी करणाऱ्या मुली. त्यात एक काकू आहेत, सत्तरी ओलांडलेली, इंग्रजी वाचायची सवय नाही, पण जपानी पॅटर्नवरून टेबलक्लॉथ विणतात. कारण जपानी पॅटर्नमध्ये क्रोशा शब्दात लिहिलेला नसतो, चार्ट असतो, प्रत्येक टाक्याची एक खूण. छोटा लंबगोल म्हणजे साखळी, फुली म्हणजे मुका खांब, टी अक्षरासारख्या दांडीवर एक तिरकी रेघ म्हणजे खांब, आणि दोन रेघा असल्या की वेढा एक जास्त. काकू मोबाईलवर तो चार्ट दोन बोटांनी मोठा करतात, वहीत पेन्सिलीनं उतरवून घेतात आणि झालेली ओळ खोडत जातात. कुठे अडलं की फोटो ग्रुपवर, आणि रात्री अकरा वाजता सुद्धा कुणीतरी उत्तर देतंच, की काकू तिसऱ्या ओळीत एक साखळी राहिलीय बघा.

हे आपल्याकडेच चाललंय असं नाही. रॅव्हलरी नावाची साइट २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका जोडप्यानं सुरू केली, तिथे जगभरचे विणणारे लोक काय विणलं, कुठली लोकर, किती नंबरची सुई, कुठे गडबड झाली हे सगळं लिहून ठेवतात, म्हणजे एखादा पॅटर्न हातात घ्यायच्या आधी तो ज्यांनी विणलाय त्यांचे फोटो आणि त्यांच्या तक्रारी दोन्ही वाचता येतात. आणि आपल्या देशात मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स हा ग्रुप, ओळख झाली ती फेसबुकवर, पण जानेवारी २०१६ मध्ये चेन्नईत या बायकांनी आपापल्या घरी विणलेले चौकोन एकत्र जोडून अकरा हजार चौरस मीटरच्या वरची क्रोशाची गोधडी केली आणि गिनीज रेकॉर्ड केला. यात गृहिणी, आज्या, नोकरीवाल्या सगळ्या होत्या. मोबाईलनं हात रिकामे केले असते तर हे झालं असतं का, तुम्हीच सांगा.

आता मला खरं बोलायचंय ते मागाबद्दल.

विणणाऱ्या प्रत्येक घरात उरलेल्या लोकरीची एक पिशवी असते, अर्धे गोळे, पाव गोळे, एकाचा स्वेटर होत नाही आणि टाकवत पण नाही. ती संपवायला म्हणून ग्रुपमध्ये कुणीतरी पुठ्ठ्याच्या मागाचा व्हिडिओ टाकला. जाड पुठ्ठ्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला पाव-पाव इंचावर कापे द्यायचे, त्यात सुती दोरा उभा ताणून गुंडाळायचा, हा झाला ताणा, मग जाड सुईत लोकर ओवून एक धागा वर एक खाली करत आडवं जायचं आणि प्रत्येक ओळ जेवणाच्या काट्यानं दाबून बसवायची. कपाखाली ठेवायचा चौकोन एका बैठकीत होतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना जमतं. मग फोटोफ्रेमला खिळे ठोकून थोडा मोठा माग झाला, आणि एकदा का आडवे-उभे धागे एकमेकांत बसून कापड होताना बघितलं की पुढचं बघितल्याशिवाय राहवत नाही.

पुढचा म्हणजे टेबलावर मावणारा रिजिड हेडल माग. दोन रूळ असतात, मागच्यावर ताणा गुंडाळलेला, पुढच्यावर तयार कापड गुंडाळत जायचं, मधे फणी, आणि सगळी करामत त्या फणीत आहे. एक फट, मग एका पट्टीला मधोमध भोक, परत फट, परत भोक अशी ती असते आणि ताण्याचा एक धागा फटीतून, पुढचा भोकातून असे ओवलेले असतात. फणी उचलली की भोकातले धागे वर जातात आणि फटीतले जिथल्या तिथे राहतात, मधे जी वाट तयार होते त्यातून धोटा (आडवा धागा गुंडाळलेली पट्टी) सरकवायचा, फणी खाली दाबली की भोकातले खाली जातात आणि दुसरी वाट तयार, आणि तीच फणी आपल्याकडे ओढली की ओळ ठोकली जाते. पाय लागत नाहीत, पाय सोडून बसायला खड्डा लागत नाही, जमिनीवर बसावं लागत नाही. आमच्या काकूंचा अंगठा सुयांनी दुखायचा, त्यांना हा माग सोसतो.

परदेशी माग महाग पडतो, वर कस्टम. म्हणून ग्रुपवर लोकांनी रस्ता शोधला, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या घ्यायच्या, प्रत्येकीला बरोबर मधोमध भोक पाडायचं आणि दोन पट्ट्यांमधे सारख्या अंतरावर चिकटवायच्या, फणी तयार. चौकट कुठलाही सुतार करून देतो. धागे किती घ्यायचे याची युक्ती पण तिथेच मिळाली, लोकर फूटपट्टीवर शेजारी शेजारी गुंडाळायची, एका इंचात जेवढे वेढे बसतात त्याच्या निम्मे धागे साध्या विणीला इंचाला लागतात. म्हणजे वीस वेढे बसले तर इंचाला दहा, आठ इंच रुंद मफलरला ऐंशी धागे, चाळीस फटीतून, चाळीस भोकातून. लांबी मफलरच्या मापाची घेऊन चालत नाही, शेवटचा दीड-दोन फूट ताणा रुळाला आणि गाठींना जातो तो धरावाच लागतो.

विजय नगरची एक मुलगी, आयटीत आहे, तिचा पहिला मफलर सुरुवातीला आठ इंच आणि मधे सहा इंच. दोन्ही कडा आत ओढल्या गेल्या होत्या. तिनं फोटो टाकला आणि तासाभरात तीन ठिकाणांहून एकच उत्तर आलं, आडवा धागा सरळ टाकू नकोस, तिरका टाक आणि मग फणी ओढ. कारण तो धागा प्रत्येक उभ्या धाग्याच्या वरून खालून जातो, त्याला रुंदीपेक्षा जास्त लांबी लागते, ती आपण दिली नाही तर तो कडेकडून ओढून घेतो. इतकं नीट समजावून सांगणारी माणसं, ना ओळख ना पाळख, याला मी खरी मदत म्हणते.

पण सगळंच स्क्रीनवर शिकता येत नाही, हेही तितकंच खरं. ताणा किती ताणायचा हे कुठल्याच व्हिडिओत कळत नाही. व्हिडिओवाली बाई म्हणते घट्ट पण जास्त घट्ट नाही, आता यातून काय समजायचं. ते हाताला कळावं लागतं, शेजारी बसून कुणीतरी आपला हात धरून ताण्यावर ठेवावा लागतो. आणि हे कळणारे लोक आपल्यापासून नव्वद-एक किलोमीटरवर महेश्वरला बसलेत.

महेश्वरला आपण सगळेच जातो, घाट बघतो, साडी घेतो, परत येतो. माग शिकायला लागल्यावर आमच्यातल्या काही जणी गेलो तेव्हा साडीच्या दुकानात न जाता आधी विणणाऱ्या घरात गेलो. एक बाई नवीन ताणा चढवत होत्या. संपत आलेल्या ताण्याचं एक टोक आणि नव्याचं एक टोक चिमटीत धरून अंगठ्यानं पिळायचं की जोड झाला, मग पुढचा धागा, मग त्याच्या पुढचा, असे हजारो. त्यांनी बोलता बोलता ताण्यावर आडवा हात फिरवला, मधेच थांबल्या आणि म्हणाल्या इथे ढील है, आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं. आम्ही ऐंशी धाग्यांवर रडत होतो.

अहिल्याबाईंनी राजधानी महेश्वरला नेली आणि बाहेरून विणकर आणून वसवले, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलाला पण माहीत असतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेवा सोसायटी काढून हे मंदावलेलं काम परत उभं केलं, आणि त्यात बायकांना मागावर बसवलं. २०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षं झाली तेव्हा कार्यक्रम पुष्कळ झाले. पण आपल्या मराठी घरांमधे महेश्वरी साडीची किनार दोन्ही बाजूंनी सारखी का असते हे किती जणींना सांगता येईल? देशात हातमागावर काम करणारे २०१९-२० च्या गणनेत पस्तीस लाखांच्या वर निघाले आणि त्यात बायका सत्तर टक्क्यांहून जास्त. साडी दुकानात उलगडून भाव करताना हे डोक्यात नसतं. माग चालवून बघितलेल्या आमच्या ग्रुपमधल्या बायका आता आधी साडी उलटी करून बघतात, किनारीजवळ कापड ताणून धरणाऱ्या पट्टीची बारीक भोकं आहेत का बघतात, हॅंडलूम मार्क (हातमागाचा सरकारी शिक्का) विचारतात, आणि खरा हातमाग असेल तर भाव करत नाहीत. हा बदल मी डोळ्यांनी बघितलाय.

म्हणून माझी मागणी. आपल्या शहरात मराठी संस्था कमी नाहीत, मंडळं आहेत, वाचनालयं आहेत, गणपतीत आणि दिवाळीत हॉलला जागा पुरत नाही, पण एरवी दुपारी दोन ते पाच हे हॉल कुलूप लावून पडलेले असतात. तिथे आठवड्यातून एक दुपार आम्हाला द्या. एका संस्थेत आम्ही विचारून आलो, तिथल्या पदाधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ताई, टाइमपासला हॉल देता येत नाही, काहीतरी सांस्कृतिक असेल तर सांगा. मला हे लागलं. गाण्याचा कार्यक्रम सांस्कृतिक, व्याख्यान सांस्कृतिक, आणि अंगावरचं कापड विणणं सांस्कृतिक नाही? ज्या शहरात मालवा मिल हे चौकाचं नाव आहे, जिथे हुकुमचंद कापड मिलच्या भोंग्यावर घरं चालायची आणि १९९१ मध्ये ती बंद पडली तेव्हा हजारो घरांची चूल अडली, त्या शहरात तरी हे कुणी म्हणू नये.

आणि महेश्वरच्या एखाद्या विणकर बाईंना महिन्यातून एकदा बोलवावं, जाण्यायेण्याचा खर्च आणि दिवसाचं मानधन ठरवून, शाल-श्रीफळावर नाही. त्या दिवसभर मागावरून उठतात तेव्हा त्यांची मजुरी बुडते, एवढं तरी आपल्या लक्षात असावं. मानधनाचे पैसे आम्ही शिकणाऱ्या वर्गणी काढून देऊ, संस्थेवर बोजा नको. ७ ऑगस्टला हातमाग दिवस असतो, १९०५ मध्ये त्याच तारखेला कलकत्त्यात स्वदेशीची हाक दिली गेली म्हणून २०१५ पासून तो पाळतात, सुरुवात त्या दिवशी झाली तर फारच छान, पण त्याच्या आधी झाली तरी हरकत नाही.

मुलांना पण येऊ द्या. पुठ्ठ्याचे माग आम्ही घरून कापून आणू, लोकर तर पिशव्या भरून पडलीय. मुलगे आले तरी चालतील, महेश्वरला पुरुष पण विणतातच.

आम्हाला लागतं ते एवढंच, एक मोठं टेबल, चार-पाच खुर्च्या, उजेड येणारी खिडकी आणि एक छोटं कपाट, ज्यात माग ठेवून कुलूप लावता येईल, कारण अर्धवट ताणा चढवलेला माग रिक्षातून ने-आण केला की सगळे धागे सैल होतात. दोन माग आमच्याकडे तयार आहेत, तिसऱ्याची फणी काकू करताहेत. ज्या संस्थेची तयारी असेल त्यांनी आपल्या कार्यालयात चिठ्ठी द्यावी आणि आपण ती आमच्यापर्यंत पोचवावी, आम्ही दुसऱ्या दिवशी टेबल बघायला येऊ.

आपली,
एक विणणारी वाचक
राजेंद्र नगर, इंदूर